जपून चालायचं

वसराम नाईक तांडा, ता. सेनगाव
१८ नोव्हेंबर २००२

मिनाबाई,

रामराम. नणंदेला आपण होऊन पत्र लिहिणं म्हणजे विस्तवावर पाय देणं, असं माझ्या मावशीनं लग्नातच सांगून ठेवलं होतं. तरी देते आहे. तुमचे भाऊ पहाटे जीप घेऊन हिंगोलीकडे जातात, दिवसभर सवाऱ्या भरतात, घरी आले की जेवून आडवे होतात. सासूबाईंना काही सांगावं तर पदर डोळ्याला लागतो. पुसेगावच्या एसटीडीवरून बोलावं तर बूथवाला आणि बाहेरचे चौघे कान टवकारून बसलेले. म्हणून इथं अंगणवाडीत कामावरच, लेकरं खिचडी खात आहेत तोवर लिहून घेते.

सांगायचं आहे ते मामांबद्दल, तुमच्या वडिलांबद्दल. अटॅक आला तेव्हा तुम्ही नांदेडच्या दवाखान्यात येऊन गेलात, तुमच्याशी ते हसून बोलले. ते हसणं तिथंच राहिलं. घरी आणल्यापासून बाजेवर आहेत. बसा म्हटलं की बसतात, निजा म्हटलं की निजतात. भाकरी कुस्करतात आणि ताट सरकवतात. सगळ्यांच्या आधी उठून गोठ्याकडे तोंड करून बसतात. बाजारात ज्यांच्या एका शब्दावर बैलजोडीचा सौदा व्हायचा, ते आता दिवसभर तोंड उघडत नाहीत. मी सून, त्यांच्यासमोर बोलायची आपल्यात रीत नाही, त्यांचा आवाज मी दाराआडूनच ऐकत आले. आता दाराआडही काही ऐकू येत नाही.

परवा त्यांनी आपली काठी नरसिंगकाकांना देऊन टाकली. काल लग्नाकार्यातला कोट दिला. मिनाबाई, हा माणूस आवराआवर करतो आहे. मला भीती वाटते. एकदा येऊन जा.

तुमची
निलम

* * *

औरंगाबाद
२६ नोव्हेंबर २००२

निलमवहिनी,

पत्र पोचलं. बानं जन्मभर बैलांमागं पाय झिजवले. तो आता दोन महिने बाजेवर बसला तर घरात इतकं खुपायला लागलं का? डॉक्टरांनी आराम सांगितला आहे असं भाऊच म्हणाला होता. अटॅक आलेल्या माणसाला थकवा येतो, बोलावंसं वाटत नाही. मी रोज हृदयाच्याच वॉर्डात ड्युटी करते, मला ते नव्यानं कळायला नको.

काठी दिली तर दिली. नरसिंगकाका त्याचा लहानपणापासूनचा सोबती आहे, परक्याला नाही दिली.

तुमच्यानं होत नसेल तर आडवळणानं लिहू नका. मी बाला इकडे घेऊन येईन. सध्या सुट्टी नाही. याडीला लेकीचा नमस्कार.

मिना

* * *

वसराम नाईक तांडा
४ डिसेंबर २००२

मिनाबाई,

मावशी खोटं बोलत नव्हती, चटका बसला. पण मला रुसायला सवड नाही, म्हणून सरळ लिहिते.

तुम्ही समजलात ते उलटं आहे. सेवा कमी पडत नाही, जास्त होते आहे. मामांना पाण्याचा लोटा उचलू देत नाहीत. परसाकडे जायचं तर तुमचे भाऊ धरून नेतात. ते जीपवर असले तर मामा तसेच अडून बसतात. रेडिओ बंद केला, बातम्यांनी दचकतील म्हणून. लेकरं मोठ्यानं हसली की सासूबाई डोळे वटारतात. भेटायला आलेल्यांना बाहेरूनच परत पाठवतात. आणि जे तुम्हाला कोणी कळवलं नसेल ते हे, की भावांनी बैलजोडी विकली. बैल दारात असले की मामा औत धरतील म्हणून. दावं सोडताना मामांनी पाहिलं.

सगळ्यांच्या मनात माया आहे, मी कोणाला बोल लावत नाही. पण घरात कोणी गेल्यावर माणसं जशी हळू बोलतात, तसं आमच्या घरात चाललं आहे, आणि ज्याच्यासाठी चाललं आहे तो समोर जिवंत बसून ऐकतो आहे.

मामांच्या छातीत दुखत नाही. सासूबाईंकडून मी रोज विचारून घेते. परवा मामांनी सासूबाईंना सांगितलं, आपल्यामागं कोणी रडायचं नाही. सासूबाई तेव्हापासून रडतच आहेत.

नांदेडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते भावांना नीट आठवून विचारलं. शब्द एवढेच होते: ‘जपून चालायचं.’ तेच आम्ही पाळतो आहोत. दवाखान्याच्या सगळ्या कागदांचे झेरॉक्स सोबत जोडले आहेत.

निलम

* * *

औरंगाबाद
१३ डिसेंबर २००२

वहिनी,

पाया पडते. पहिलं पत्र मी नणंद होऊन वाचलं, नर्स होऊन वाचायला हवं होतं. चिडून काय काय लिहिलं ते विसरून जा.

कागद आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवले. तुमचं पत्रही वाचून दाखवलं. ‘जपून चालायचं’ ऐकून ते खुर्चीत सरळच बसले. म्हणाले, “अहो, म्हणजे चालायचं! हळू, बेतानं, पण रोज चालायचं. त्यांनी जपून तेवढं घेतलं आणि चालायचं सोडून दिलं!”

वहिनी, मग ते म्हणाले ते मी घाबरवायला लिहीत नाही, पण लपवणार नाही. अटॅकनंतर पुष्कळ माणसांचं मन खचतं. ही नुसती उदासी नसते, आजार असतो, जसा छातीचा तसा हा. झोप उडते, अन्न नको होतं, जगण्यातून लक्ष निघून जातं. अशी माणसं मग औषधं टाळतात, हलत नाहीत, आणि बरं होत आलेलं काळीज पुन्हा दगा देतं. आमच्या वॉर्डातून हसत घरी गेलेली माणसं मी परत येताना पाहिली आहेत. काही परत आलीच नाहीत. काठी आणि कोट देऊन टाकल्याचं ऐकून डॉक्टरांनी तेवढा भाग मला पुन्हा वाचायला लावला. घरातली फवारणीची औषधं लगेच कुलपात घाला आणि बाला एकटं सोडू नका.

याला दोन उपाय आहेत. एक गोळी, मनाची. हृदयाला न बाधणारी मिळते. पण त्यासाठी बाला इथं आणून दाखवावं लागेल. दुसरा उपाय चालणं. कागदांवरून डॉक्टरांना वाटतं की त्याचं हृदय सावकाश चालणं सोसेल, आणि चालण्यानं मनही उभारी धरतं. दोन्ही केलं तर उत्तम. नियम एकच लक्षात ठेवा: चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला, वाक्य तुटायला लागलं, छाती भरून आली, की तिथंच थांबायचं.

भावाला मी एसटीडीवर बोलावून सांगते.

मिना

* * *

वसराम नाईक तांडा
२१ डिसेंबर २००२

मिनाबाई,

फवारणीचे डबे पत्र आलं त्याच दिवशी अंगणवाडीच्या कपाटात आणून ठेवले, किल्ली माझ्या गळ्यात आहे.

तुमचा फोन झाल्यावर भावांशी बोलले. गोळीचं नाव काढलं तर म्हणाले, “माझ्या बाला येड लागलं म्हणून बोंब मारायची का साऱ्या तांड्यात? येड्याची गोळी देणार न्हाई.” चालण्याला मात्र हो म्हणाले. पण चालवणार कोण? ते स्वतः जीपवर. सासूबाईंचे गुडघे अंगणापलीकडे जात नाहीत. राहिले मी.

आता तुमच्या डॉक्टरांचा नियम बघा. चालताना बोललं पाहिजे. बोलायचं कोणी? लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून मागून चालणार, ते पुढे. त्यांचं तोंड मला दिसणार नाही आणि आवाज तर नाहीच नाही. त्यांना दम लागला हे मला कळणार कसं? तुमच्या औरंगाबादच्या डॉक्टरांना सून माहीत असेल, आमच्या तांड्यातली सून माहीत नाही.

दुसरं. वाटेत काही झालं तर लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतं. बाजेवर मेले असते तर देवानं नेलं म्हणाले असते. वाटेवर मेले तर सुनेनं मारलं. माझी लेकरं त्या नावानं वाढतील. तुमच्या भावाचा संसार त्या नावानं करावा लागेल.

म्हणून तुमच्याकडे एकच मागते. एका ओळीत लिहून द्या की चालल्यानं त्यांना काही होणार नाही. तेवढी ओळ आली की उद्यापासून निघते.

निलम

* * *

औरंगाबाद
२८ डिसेंबर २००२

वहिनी,

ती ओळ मी लिहू शकत नाही. तीनदा लिहिली आणि फाडली. कोणीच लिहून देऊ शकणार नाही, डॉक्टरसुद्धा नाही. चालताना धोका थोडा आहे. बा बाजेवर असाच बसून राहिला तर मात्र फार मोठा आहे. एवढंच मला खरं लिहिता येतं.

तो माझा बाप आहे. मी इथं बसून तुम्हाला चालवा म्हणते आणि जबाबदारी तुमच्या डोक्यावर पडते, हे मला कळतं. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मी कधी शब्दानं दुखवणार नाही.

तुमची
मिना

* * *

वसराम नाईक तांडा
११ जानेवारी २००३

मिनाबाई,

खोटी ओळ लिहून दिली असतीत तर मी आनंदानं घेतली असती, आणि मागाहून तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. निघालो आम्ही. संक्रांतीची वाट कोण बघतो.

सासूबाईंकरवी सांगितलं, “डाक्टरनं चालायला सांगितलं हाय.” मामा उठले आणि निघाले. का, कुठं, काही विचारलं नाही. त्यांचं हे ऐकणंच मला सगळ्यात भेसूर वाटतं. पुढे ते, बऱ्याच अंतरावर मागे मी. तांड्याबाहेरच्या रस्त्यानं नळकांडी पुलापर्यंत जायचं, टेकायचं, परत यायचं.

बोलण्याचं मी असं जमवलं. एक शेळी सोबत घेते आणि शेळीशी बोलते. “शेळीबाई, हळू. शेळीबाई, दम लागला का गं?” त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. उत्तर अर्थात शेळीच देते. मग मी त्यांच्या खोकण्यावर, पायांच्या आवाजावर कान लावून चालते. पाय जरा अडखळला की माझ्याच काळजात कळ येते. घरी पोचलो की मी आधी चुलीपुढे जाऊन बसते, म्हणजे माझं तोंड कोणाला दिसत नाही.

तांड्याला करमणूक झाली. तांड्याचे नाईक किसनसिंग यांच्या ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, “बैल इकले, आता सून सासऱ्याला हाकून राहिली!” सगळे हसले. मामा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पूर्वीचे असते तर त्यांनी त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती.

फरक काही नाही. दाढी केली एकदा, एवढंच.

निलम

* * *

औरंगाबाद
३ फेब्रुवारी २००३

वहिनी,

पत्र का नाही? माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. एसटीडीवर फोन केला तर बूथवाला म्हणतो, “तुमचे बा, भीमसिंग, रोज रस्त्यानं दिसत व्हते, आता न्हाई दिसत.” भावाला निरोप ठेवला, त्याचा फोन नाही. वॉर्डात स्ट्रेचर आलं की मी आधी तोंड बघते. शनिवारी सुट्टी मिळते आहे, निघते. तोवर दोन ओळी टाका. चांगलं असो वाईट असो, टाका.

मिना

* * *

वसराम नाईक तांडा
५ फेब्रुवारी २००३

मिनाबाई,

आधी हे, की मामा आहेत. श्वास घ्या आणि मग पुढचं वाचा. कसं लिहावं ते सुचेना म्हणून पत्र राहिलं.

मागच्या पंधरवड्यात एके दिवशी पुलाच्या अलीकडेच मामा थांबले. छातीवर हात ठेवला आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले. दोन्हीकडे हरभरा, माणूस एक नाही. शेळीचं दावं हातातून कधी सुटलं कळलं नाही. पदर कधी पडला तेही कळलं नाही. मी पळत जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि ओरडले, “मामा, बोला! काई बी बोला!”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सुनेचं तोंड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असेल. म्हणाले, “काय बोलू?”

वाक्य तुटलं नव्हतं. दम लागला नव्हता. मी विचारलं, “दुखून राहिलं का?”

“न्हाई. भ्या वाटून राहिलं.”

“कशाचं?”

“तुला ठाऊक हाय. तुमा सगळ्यांला ठाऊक हाय, मलाच कोणी सांगत न्हाई.” मग माझा हात धरला. “तू खोटं बोलणार न्हाईस. तू आजवर माझ्याशी बोललीच न्हाईस. सांग, किती दिस राहिले माझे?”

मला काही उमगेना. तेच पुढे सांगत गेले. “दवाखान्यातून निघताना डाक्टरनं माझ्या लेकाला, रणजीतला, बाजूला नेलं. मी पाह्यलं. त्या दिवसापासून मला लोटा उचलू देत न्हाईत. लेकरं हसत न्हाईत. बैल इकले. मरणाऱ्याच्या घरात असंच करतात. मी बी केलंय माझ्या बाच्या येळी. त्याला सांगितलं न्हवतं.”

मिनाबाई, इतके महिने ते हे उराशी धरून बसले होते. आम्ही जपत होतो आणि त्यांना वाटत होतं आम्ही मरणाची वाट बघतोय. जितकं जास्त जपलं तितकं त्यांना मरण जवळ दिसलं.

मी म्हटलं, “मामा, डाक्टरनं एवढंच सांगितलं व्हतं, जपून चालायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. लेकरांची आण.”

“मंग बैल काहून इकले?”

मी म्हटलं, “जपायला.” त्यांनी तोंड फिरवलं आणि रडायला लागले. मी तशीच बसून राहिले, मला त्यांच्या रडण्याचीही भीती वाटली, त्यानं काळजाला काही होतं का ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मग हळूहळू परत आलो, शेजारी शेजारी, बोलत.

तिथंच घात झाला. सून उघड्या डोक्यानं सासऱ्याशी बोलत आली, हे साऱ्या तांड्यानं पाहिलं. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. छातीवर हात ठेवून बसले होते हे मामांच्याच तोंडून निघालं, आणि भावांनी चालणं बंद केलं. माझ्याशी बोलणंही. मामा भावांना म्हणाले, “डाक्टरनं काय सांगितलं ते मला खरं सांग.” भाऊ म्हणाले, “तू इचार करू नको, आराम कर.” झालं. त्यांना पुन्हा वाटलं की लपवतात. पुन्हा बाज, पुन्हा गोठा. मी पुन्हा दाराआड, आणि आता मला ठाऊक आहे की ते काय मोजत बसले आहेत.

शनिवारची वाट बघते. त्यांना घेऊन जा. गोळी येड्याची असो की शहाण्याची, द्या.

निलम

* * *

वसराम नाईक तांडा
२४ मार्च २००३

बाई मिना,

तुझ्या बाचा आशीर्वाद. मी बोलून राहिलो, निलम लिहून राहिली. जसं बोलतो तसंच लिही, सुधरू नको, म्हणून तिला बजावलं हाय.

तू मला औरंगाबादला नेलंस, त्या डाक्टरनं समोर बसवून माझं काळीज कागदावर दाखवलं, आन् जे हाय ते माझ्याच तोंडावर सांगितलं. बरं केलंस. तुझ्या भावाला बी संगं बसवलंस ते लई बरं केलंस. घरी आल्यावर तो म्हणला, “बा, मला वाटलं तुला सांभाळून राहिलो.” मी म्हणलं, व्हय रे, ठाऊक हाय.

गोळी रोज घेतो. पयल्या पंधरा दिसांत काईच कळलं न्हाई, उलटं मळमळ व्हती. डाक्टरनं सांगितलंच व्हतं म्हणून तुझ्या भावानंच नेट धरला, येड्याची म्हणणारा तोच, आता हातावर ठेवतो आन् गिळूस्तोवर हालत न्हाई. हळूहळू झोप यायला लागली. भाकरीला चव लागली. तुझ्या याडीचं कालवण खारट हाय हे कळलं, तसं बोललो बी, आन् ती लई दिसांनी माझ्यावर वसकली.

होळीचं सांगतो. सारा तांडा नाईकाच्या ओट्यापुढं जमला व्हता. लेंगीची गाणी चालू व्हती. मी उठून हुबा राहिलो. म्हणलं, किसनसिंग नाईक, चार मान्सांसमोर सांगायचं हाय. मी रोज सकाळी चालतो. ते माझ्या पायानं चालतो, माझ्या मर्जीनं चालतो. उद्या मी वाटंत पडलो आन् मेलो, तं माझं काळीज मेलं. माझ्या सुनेनं मारलं न्हाई. तिला जो कोणी तसं म्हणन, तो मेलेल्या भीमसिंगाशी खोटं बोलन. आन् ती वाटंनं माझ्याशी बोलणार, मी तिच्याशी बोलणार. डाक्टरचं औषधच तसं हाय. ज्याला रीत मोडल्यासारखी वाटन, त्यानं उद्यापासून सकाळी उठून माझ्यासंगं चालावं आन् बोलावं.

एक पोरगा म्हणला, “काका, सणाच्या दिशी मरणाचं काहून काढता?” मी म्हणलं, आत ठेवून पाह्यलं बाबा, आत लई वाढते ते. मंग नाईक म्हणले, “भीमसिंगनं सांगितलं, तांड्यानं ऐकलं.” तेवढ्यावर पुन्हा गाणी सुरू झाली. सकाळी सोबत चालायला कोणी आलं न्हाई, पण ओट्यावरून आता कोणी वरडत बी न्हाई.

निलम लिहायची थांबली हाय. पेन बंद पडला म्हणती. पेन काई बंद पडला न्हाई.

तू इचारलंस भ्या गेलं का. न्हाई गेलं. डाक्टरनं बी पुरतं जाईन असं कबूल केलं न्हाई. सकाळी चप्पल घालताना रोज वाटतं, आजच. ते मी निलमला सांगतो. ती म्हणती, मामा, मला बी रोज तेच वाटतं. मंग आमी निघतो.

तुझा बा
भीमसिंग